बारापासॉरस टागोरेई : प्राणहिता खोऱ्यातील महाकाय शाकाहारी डायनोसॉर आणि त्याच्या देहरचनेचा अर्थ

प्रस्तावना

ज्युरासिक कालखंडातील लांब मानेच्या महाकाय शाकाहारी डायनोसॉरांचा विषय निघाला की ब्रॅकिओसॉरस, डिप्लोडोकस, अ‍ॅपॅटोसॉरस ही नावे प्रथम पुढे येतात. हे तिन्ही प्राणी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील मॉरिसन शैलसमूहातून ज्ञात झाले. त्यांचा काळ सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ज्युरासिकच्या उत्तरार्धाचा आहे. त्यांच्या आधी अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी, किंवा त्याहूनही अगोदर, आजच्या महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरील प्राणहिता नदीच्या खोऱ्यात याच सॉरोपॉड कुळातील एक मोठा प्राणी वावरत होता. त्याचे शास्त्रीय नाव बारापासॉरस टागोरेई. या प्राण्याचा परिचय करून देणे आणि महाकाय देहाच्या उत्क्रांतीत त्याचे स्थान काय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बारापासॉरसचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा ‘भारतातील मोठा डायनोसॉर’ अशा एका ओळीत. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे महत्त्व त्याच्या आकारात फारसे नाही. त्याच्याहून कितीतरी मोठे सॉरोपॉड नंतरच्या काळात होऊन गेले. हा प्राणी महत्त्वाचा ठरतो तो त्याच्या अर्धवट घडलेपणामुळे. देह मोठा झालेला आहे, पाय खांबासारखे झालेले आहेत, परंतु तो देह हलका राखणारी मणक्यांची रचना अद्याप पूर्णत्वास गेलेली नाही, अशी अवस्था त्याच्या हाडांत नोंदली गेली आहे. अशा मधल्या अवस्था जीवाश्मांत क्वचितच सापडतात.

कोटा : एक गाव आणि एक शैलसमूह

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा नावाचे लहानसे गाव आहे. येथून थोड्या अंतरावर, सिरोंचाजवळ, प्राणहिता गोदावरीला मिळते. राजस्थानातील कोट्याशी याचा काहीही संबंध नाही. परंतु जगभरच्या पुराजीवशास्त्रज्ञांना ‘कोटा’ म्हटले की हेच गाव आठवते, कारण या परिसरातील ज्युरासिक खडकांना ‘कोटा शैलसमूह’ असे नाव मिळाले आहे.

महाराष्ट्राचे भूविज्ञान म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरांच्या अखेरीच्या काळातला. सिरोंचाचा प्रदेश या लाव्हाच्या आवरणाबाहेर राहिला आणि म्हणूनच येथील अधिक जुने खडक उघडे राहिले. प्राणहिता-गोदावरीचे खोरे ही भूकवच खचून तयार झालेली एक लांबट द्रोणी आहे. पर्मियन काळापासून क्रिटेशस काळापर्यंत नद्या आणि सरोवरे यांनी तिच्यात गाळ साठविला. या साठ्याचा खालचा भाग आपल्या व्यवहाराच्या परिचयाचा आहे. वर्धा खोऱ्यातील आणि सिंगरेणीचा कोळसा तेथूनच निघतो. वर चढत गेले असता ट्रायासिक काळातील मालेरी शैलसमूह, त्यावर धर्माराम आणि त्यावर कोटा असा क्रम लागतो. कोटा शैलसमूहाच्या खालच्या भागात वालुकाश्म आणि तांबूस पंकाश्म आहेत, तर वरच्या भागात चुनखडकाचे थर आहेत. सॉरोपॉडांची हाडे खालच्या भागातून मिळाली. चुनखडकांतून मिळाले ते मासे.

या माशांची कीर्ती डायनोसॉरांच्या आधी शंभर वर्षे पसरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोट्याच्या चुनखडकातील मत्स्यजीवाश्म लंडनला पोहोचले आणि एगर्टन यांनी त्यांचे वर्णन केले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे, यांनीही या प्रदेशाच्या भूविज्ञानाविषयी आणि जीवाश्मांविषयी लेखन केले. पुढे १८८१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विल्यम किंग यांचा प्राणहिता-गोदावरी खोऱ्यावरील विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या हाडांचा पद्धतशीर शोध मात्र स्वातंत्र्यानंतर सुरू झाला, आणि तो एका अनपेक्षित संस्थेने हाती घेतला.

संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर

प्रशांतचंद्र महलनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यास स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था ही संख्याशास्त्राची संस्था. कोणत्याही निसर्गविज्ञानात मोजमापाला स्थान आहे, म्हणून त्या विज्ञानालाही आपल्या संस्थेत स्थान असावे, अशी महलनोबिस यांची धारणा होती. १९५७ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पुराजीवशास्त्रज्ञ पामेला लॅम्प्लू रॉबिन्सन भारतात आल्या आणि संस्थेत भूविज्ञानाचा विभाग सुरू झाला. जे. बी. एस. हाल्डेन हेही त्याच वर्षी या संस्थेत आले होते. आंतरविद्याशाखीय अभ्यासाची चर्चा आपल्या परिसंवादांतून आज वारंवार होते; तेथे मात्र त्या काळी चर्चेऐवजी काम चालले होते.

रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली सोहनलाल जैन, तपन रॉय चौधरी, टी. एस. कुट्टी आदी तरुण अभ्यासक गोंडवन खडकांत उतरले. १९५८ मध्ये कोटा शैलसमूहातून मोठ्या प्राण्याची पहिली हाडे मिळाली. १९६० आणि १९६१ मध्ये पोचमपल्ली या गावाजवळ बहुतांश हाडे खणून काढण्यात आली. (हे पोचमपल्ली म्हणजे विनोबांच्या भूदानाचे आणि इकत साड्यांचे पोचमपल्ली नव्हे, ते हैदराबादजवळ आहे.) १९६२ मध्ये जैन, रॉबिन्सन आणि रॉय चौधरी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या नव्या प्राणिसमूहाची पहिली वार्ता दिली. शास्त्रीय नामकरण मात्र १९७५ मध्ये झाले. जैन, कुट्टी, रॉय चौधरी आणि शंकर चॅटर्जी यांचा तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. संपूर्ण अस्थिवर्णन प्रसिद्ध व्हायला तर २०१० साल उजाडले. शेकडो हाडे दगडातून मोकळी करणे, जोडणे आणि प्रत्येकाची इतर खंडांतील जीवाश्मांशी तुलना करणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात अशा संशोधनास कोणता रकाना मिळाला असता, हा प्रश्न येथे सहज मनात येतो.

नावाची कथा मनोरंजक आहे. उत्खननात दीड मीटरहून अधिक लांबीचे मांडीचे हाड मिळाले आणि त्यावरून ‘बडो पा’, म्हणजे बंगालीत ‘मोठा पाय’, हे नाव रूढ झाले. त्यास ‘सरडा’ या अर्थाचा ग्रीक ‘सॉरस’ जोडला गेला. मराठी वाचकाला ‘बारापा’ या अक्षरांतून बारा पायांचा प्राणी दिसण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात अर्थात त्याला चारच पाय होते. १९६१ हे रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. महलनोबिस हे रवींद्रनाथांच्या निकटवर्तीयांपैकी होते. जातिनाम ‘टागोरेई’ झाले ते त्या शताब्दीच्या स्मरणार्थ.

शिर नसलेला पुरावा

पोचमपल्लीजवळ सुमारे २७६ चौरस मीटर क्षेत्रात जवळपास ३०० हाडे सापडली. ती किमान सहा प्राण्यांची आहेत. हाडांसोबत मोठमोठे अश्मीभूत वृक्षखोडही होते. प्राणी आणि वृक्ष एकाच ठिकाणी गाडले गेले, यावरून अभ्यासकांनी मोठ्या पुराचे अनुमान काढले आहे. कळपातील काही प्राणी त्या पुरात मेले, शरीरे वाहत आली, खोडांबरोबर एका जागी अडकली आणि गाळाखाली गेली.

सहा प्राणी असूनही त्यांत कवटी एकही नाही. पावलांची हाडेही जवळजवळ नाहीतच. डोक्याचा पुरावा म्हणजे फक्त काही सुटे दात. यात गूढ असे काही नाही. सॉरोपॉडांची कवटी देहाच्या मानाने फार लहान, पातळ हाडांची आणि मानेशी सैल जोडलेली असते. शरीर कुजू लागले की ती लवकर गळून पडते आणि प्रवाह तिला दूर नेतो. बोटांची लहान हाडेही तशीच वाहून जातात. उरतात ती मांडीची, दंडाची, कमरेची जड हाडे आणि मणके. जगातील कित्येक सॉरोपॉड असेच शिराविना ज्ञात आहेत. कोलकात्यातील संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात बारापासॉरसचा जो सांगाडा उभा आहे, त्याचे डोके त्यामुळे अनुमानानेच घडवावे लागले. विद्यार्थ्यांना तो सांगाडा किंवा त्याचे छायाचित्र दाखविताना ही गोष्ट आवर्जून सांगावी, म्हणजे जीवाश्म आणि पुनर्रचना यांतील भेद त्यांच्या ध्यानात येईल.

तरीही हे दात बरेच काही सांगतात. ते चमच्याच्या आकाराचे असून त्यांच्या कडांना जाडसर दंतुरता आहे. असे दात पाला ओरबाडण्यास योग्य, चावण्यास नव्हे.

हाडांनी सांगितलेली मधली अवस्था

बारापासॉरसची लांबी साधारण १४ मीटर होती, असे मानले जाते. काही अंदाज याहून अधिक आहेत. वजन सुमारे ७ टन असावे. म्हणजे आजच्या मोठ्या आफ्रिकी हत्तीच्या जवळपास किंवा त्याहून थोडे अधिक. आता हा देह कसा पेलला जात होता, ते पाहू.

प्राण्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली तर त्याचे वजन आठपट होते, परंतु पायाच्या हाडाचा छेद मात्र चौपटच होतो. गॅलिलिओने सतराव्या शतकात मांडलेले हे तत्त्व सर्वपरिचित आहे. म्हणून मोठा प्राणी ही लहान प्राण्याची मोठी केलेली प्रतिकृती असू शकत नाही. त्याची रचनाच बदलावी लागते. सॉरोपॉडांचे पूर्वज तुलनेने लहान, हलके आणि बहुतांशी दोन पायांवर चालणारे होते. त्यांचे मांडीचे हाड इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे किंचित वळलेले असे. धावण्यास ते सोयीचे, परंतु मोठे वजन पेलताना अशा वळलेल्या हाडावर वाकविणारा ताण येतो. बारापासॉरसचे मांडीचे हाड सरळ आहे. त्यावरील स्नायूंच्या जोडणीचा एक लहान उंचवटा जवळपास लोप पावला आहे. पुढचे पाय लांब झाले आहेत. चारही पाय खांबांप्रमाणे देहाखाली सरळ उभे राहतात. कमरेच्या भागात चार मणके एकत्र जुळून त्रिकास्थी बनली आहे. पूर्वजांत साधारणतः तीन मणके असत, तर नंतरच्या सॉरोपॉडांत पाच. येथे मधली संख्या आहे.

खरी गोष्ट पुढे मणक्यांत आहे. उत्तर ज्युरासिकमधील सॉरोपॉडांच्या मणक्यांना बाजूंनी खोल पोकळ्या असतात आणि आतही हवेचे कप्पे असतात. आजच्या पक्ष्यांची हाडे अशीच असतात. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांचे फाटे हाडांत शिरून ती पोकळ करतात, आणि सॉरोपॉडांतही तसेच वायुकोश होते, असे आज मानले जाते. त्याने दोन गोष्टी साधतात. मान हलकी होते, आणि अनेक मीटर लांब श्वासनलिकेत साचणाऱ्या वापरलेल्या हवेची अडचण दूर होते. बारापासॉरसच्या मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांना बाजूंनी खोलगट भाग आहेत खरे, पण ते उथळ आहेत. पाठीच्या मधल्या आणि मागच्या मणक्यांत मात्र एक वेगळीच पोकळी आढळते. मज्जारज्जूची नलिका वरच्या बाजूस अरुंद फटीवाटे मणक्याच्या कमानीतील पोकळीत उघडते. ही रचना या प्राण्याचे वैशिष्ट्यच मानली गेली. थोडक्यात, हाडे हलकी करण्याची प्रक्रिया सुरू झाली होती, पण पुढच्या सॉरोपॉडांइतकी दूर गेली नव्हती. देहाचा मोठा आकार मात्र त्या आधीच साध्य झाला होता. आधी हाडे पोकळ झाली आणि मग देह वाढला, असा सरळ क्रम मांडण्याचा मोह होतो. बारापासॉरसचा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो.

सॉरोपॉड पाण्यात राहून आपले वजन पेलत, ही समजूत जुन्या पाठ्यपुस्तकांतून आणि चित्रांतून अजून डोकावते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील के. ए. केरमॅक यांनी १९५१ मध्येच दाखवून दिले की, खोल पाण्यात उभे राहून मान वर काढली असती, तर छातीवरील पाण्याच्या दाबामुळे या प्राण्यांना श्वासच घेता आला नसता. वर वर्णन केलेले सरळ खांबासारखे पाय हा जमिनीवरील जीवनाचाच पुरावा आहे.

चावण्याचा त्याग

महाकाय देह शाकाहारावर कसा पोसला जात होता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तराचा मोठा भाग असा की हे प्राणी चावत नव्हते. चावायचे तर मोठे दात, मजबूत जबडा, जबड्याचे स्नायू, म्हणजेच जड डोके लागते. जड डोके लांब मानेच्या टोकाला धरून ठेवणे कठीण. हत्तीला मान आखूड ठेवून सोंड वापरावी लागते ती याचमुळे. सॉरोपॉडांनी पाला ओरबाडून तसाच गिळला आणि पचनाचे काम प्रचंड पोटातील आंबण्याच्या प्रक्रियेवर सोपविले. डोके लहान राहिले, म्हणून मान लांब होऊ शकली. मान लांब झाली, म्हणून एका जागी उभे राहून मोठ्या क्षेत्रातील पाला मिळू लागला. जर्मनीतील बॉन येथील मार्टिन सँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॉरोपॉडांच्या आकाराचा उलगडा अशाच परस्परावलंबी कारणांच्या साखळीने केला आहे.

त्या काळी गवत नव्हते, फुलझाडेही नव्हती. नेचे, सायकसवर्गीय झाडे, सूचिपर्णी वृक्ष आणि इक्विसेटम यांवरच निर्वाह होता. अशा वनस्पती निकस असणार, असे गृहीत धरले जाई. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत यांच्या आजच्या वंशजांचा पाला जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजीवांसह प्रयोगशाळेत आंबविण्यात आला. इक्विसेटमपासून भरपूर ऊर्जा मिळते आणि अरॉकेरियाचा पाला, वेळ अधिक दिल्यास, चांगला आंबतो, असे दिसून आले. सायकसवर्गीय पाला मात्र फारसा उपयोगी ठरला नाही. महाकाय पोटात अन्न दीर्घकाळ राहते. वेळेची कमतरता या प्राण्यांना नव्हतीच.

जाता जाता एक नोंद. डायनोसॉरांनी गवत खाल्ल्याचा पहिला भक्कम पुरावाही आपल्याच भागातील आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडले, आणि हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ते प्राणी क्रिटेशसच्या अखेरीचे, बारापासॉरसनंतर अकरा-बारा कोटी वर्षांनी आलेले.

एकाच खोऱ्यातील शिडी

बारापासॉरस एकटा नाही, हे या खोऱ्याचे भाग्य. खालच्या मालेरी शैलसमूहाच्या वरच्या भागातून नंबालिया हा ट्रायासिक काळातील लहान, सडपातळ सॉरोपॉडपूर्व प्राणी मिळाला. त्याची जाती रॉय चौधरी यांच्या नावाने ओळखली जाते. धर्माराम शैलसमूहातून लॅम्प्लूसॉरा हा सुमारे १० मीटर लांबीचा प्राणी मिळाला. रॉबिन्सन यांच्या मधल्या नावावरून २००७ मध्ये त्याचे नामकरण झाले. त्याच निबंधात प्रधानिया या दुसऱ्या प्राण्याला संस्थेच्या क्षेत्रकार्यातील जीवाश्मसंग्राहक प्रधान यांचे नाव दिले गेले. त्यावरच्या कोटा शैलसमूहात बारापासॉरसखेरीज कोटासॉरसही आहे. तेलंगणातील यामनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किमान १२ प्राण्यांची ८४० हाडे मिळाली आणि पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे. कोटासॉरस सुमारे ९ मीटर लांब होता, आणि त्याच्या मांडीच्या हाडात पूर्वजांचे वळण काही अंशी शिल्लक आहे. एकाच शैलसमूहातील दोन प्राणी, एक जुन्या वळणाचा आणि एक नव्या. उत्क्रांती एका रांगेत चालत नाही, हे वर्गात समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण आपल्या परिसरात नाही.

कोटा शैलसमूहात यांच्याबरोबर अगदी लहान सस्तन प्राणीही आहेत. कोटाथेरियम हाल्डेनाय हे नाव १९८१ मध्ये हाल्डेन यांच्या स्मरणार्थ दिले गेले. त्याचा पुरावा म्हणजे एक दात.

सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वन विभागाने जीवाश्म उद्यान केले आहे, ही समाधानाची बाब होय. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. या खोऱ्यातील जीवाश्म पावसाळ्यात मातीबरोबर उघडे पडतात आणि उचलले न गेल्यास एक-दोन हंगामांत फुटून जातात. तेव्हा जतनाचा प्रश्न संग्रहालयाच्या इमारतीपेक्षा दरवर्षी त्या मातीवरून चालणाऱ्या प्रशिक्षित माणसांचा अधिक आहे. गडचिरोली-चंद्रपूर भागातील महाविद्यालयांच्या भूविज्ञान आणि प्राणिशास्त्र विभागांना हे काम परके नाही.

वयाचा प्रश्न

एक प्रश्न खुला आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे. कोटा शैलसमूहाचे नेमके वय किती? माशांच्या पुराव्यावरून तो पूर्व ज्युरासिक मानला गेला. शिंपलेवजा सूक्ष्मकवची ऑस्ट्रॅकोड आणि परागकण यांच्या आधारे मात्र काही अभ्यासकांनी त्याचा वरचा भाग मध्य ज्युरासिकपर्यंत नेला आहे.

हा वाद तांत्रिक वाटला तरी त्यावर एक मोठे प्रतिपादन अवलंबून आहे. सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिका आणि अंटार्क्टिका या भागांत प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाले. हवामान तापले आणि वनस्पती बदलल्या. कठीण पानांचे सूचिपर्णी वृक्ष पसरले. अर्जेंटिनातील बाग्वालिया या १७.९ कोटी वर्षांपूर्वीच्या सॉरोपॉडाच्या आधारे २०२० मध्ये असे मांडले गेले की, या उलथापालथीत लांब मानेच्या शाकाहारींच्या इतर अनेक शाखा संपल्या आणि मोठ्या देहाचे, भक्कम दातांचे खरे सॉरोपॉड टिकून वरचढ झाले. त्या वेळी भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका आणि दक्षिण अमेरिका हे एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते. उद्रेकाचे क्षेत्र प्राणहितेच्या खोऱ्यापासून फार दूर नव्हते. बारापासॉरसचे थर १८.३ कोटी वर्षांहून जुने ठरले, तर मोठा देह आणि खांबासारखे पाय या संकटाच्या आधीच तयार होते आणि संकटाने केवळ निवड केली, असे म्हणावे लागेल. ते थर नंतरचे ठरले, तर बारापासॉरस हा त्या संकटातून वाचलेल्यांचा वंशज ठरतो, आणि त्याच शैलसमूहात जुन्या वळणाचा कोटासॉरस कसा टिकून राहिला, याचे उत्तर शोधावे लागेल. अर्जेंटिनातील थरांचे वय ज्वालामुखीच्या राखेतील झिर्कॉन स्फटिकांवरून ठरले. कोट्यात आजवर मुख्य भिस्त राहिली आहे ती मासे, ऑस्ट्रॅकोड आणि परागकण यांवर, आणि त्यांतील बहुतेक पुरावा वरच्या चुनखडकांतला आहे. सॉरोपॉडांची हाडे देणारे पंकाश्म त्यांच्या खाली आहेत.